माल आपल्या शिवारात, सूत्रधार परदेशात : अमली पदार्थांविरुद्धचे आंतरराष्ट्रीय सहकार्य प्रत्यक्षात कसे चालते?

सांगली जिल्ह्यातील इरळी गावात एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना सापडल्याचे प्रकरण उघडकीस आल्यापासून कवठेमहांकाळ भागातील एका द्राक्ष बागायतदारांच्या मनात काही प्रश्न घोळत होते. ते त्यांनी मला लिहून कळवले. जगभरच्या देशांनी अमली पदार्थांविरुद्ध एवढे करार केलेले असताना एमडीसारखा माल आपल्या शिवारातल्या शेडमध्ये कसा तयार होतो, परदेशात बसून हे चालवणाऱ्याला परत आणायला सव्वा वर्ष का लागते, आणि शेड भाड्याने देणारा, द्राक्षांचा कंटेनर पाठवणारा किंवा पोलिसांनी बोलावले म्हणून पंच होऊन सही करणारा माणूस या सगळ्यात नेमका कुठे येतो, असे ते तीन प्रश्न आहेत. मी सीमाशुल्क खात्यात आणि पुढे अमली पदार्थांच्या तपासात नोकरी केली. निवृत्तीनंतर सांगलीत राहून अशा खटल्यांचे कागद वाचणे आणि परदेशी पाठवायच्या विनंतीपत्रांचे मसुदे तपासून देणे हे काम अजून करतो. उत्तर थोडे लांबेल, पण त्याचा गाभा आधीच सांगून ठेवतो: परदेशातील न्यायालय किंवा तपास यंत्रणा आपल्याला मदत करते ती आपल्या तालुक्यात तयार झालेल्या कागदांवर विसंबून. तो कागद कच्चा असेल तर व्हिएन्नात झालेल्या कराराचा आपल्याला काही उपयोग होत नाही.

आधी करारांविषयी. १९०९ साली शांघायला अफूच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय आयोग भरला आणि १९१२ साली हेग येथे पहिला अफू करार झाला. त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सरकारी महसुलाचा तो मोठा आधार होता. आज चालू असलेली व्यवस्था तीन करारांवर उभी आहे. १९६१ चा करार अफू, गांजा, कोका यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांसाठी आहे, १९७१ चा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांसाठी, आणि २० डिसेंबर १९८८ रोजी व्हिएन्नात झालेला तिसरा करार अवैध व्यापाराविरुद्ध आहे. भारत या तिसऱ्या करारात १९९० साली सामील झाला. आपल्या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी याच तिसऱ्या करारात सापडतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. करार कोणालाही शिक्षा देत नाही आणि संयुक्त राष्ट्रांचे कोणतेही पथक येऊन कोणाच्या शेडवर छापा घालत नाही. अमुक कृत्य आपापल्या देशात गुन्हा ठरवा आणि दुसऱ्या देशाने रीतसर मागितली तर मदत द्या, एवढेच करार सांगतो; पुढचे सगळे त्या त्या देशाच्या कायद्याने होते. आपल्याकडे तो कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा. मेफेड्रोन, म्हणजे बाजारात ज्याला एमडी म्हणतात तो पदार्थ, फेब्रुवारी २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आला आणि त्यानंतर महिन्याभराने १९७१ च्या कराराच्या यादीतही दाखल झाला. तोपर्यंत एमडी बाळगणाऱ्याला पकडूनही या कायद्याखाली काही करता येत नसे आणि तस्करांना ते पक्के ठाऊक होते. आज ५० ग्रॅम मेफेड्रोन ही व्यावसायिक मात्रा धरली जाते आणि तिला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे.

आता इरळी. मार्च २०२४ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने तेथे छापा घातला, पण प्रकरणाची सुरुवात तेथे नव्हती. मुंबईत कुर्ला येथे एका महिलेकडे एक किलोहूनही कमी एमडी सापडले, त्या धाग्यावरून तपास सुरतेला गेला आणि सुरतेहून आपल्या जिल्ह्यात आला. एकूण जप्ती सव्वाशे किलोंच्या आसपास गेली आणि तिची किंमत सुमारे अडीचशे कोटी रुपये सांगण्यात आली. त्याच्या महिनाभर आधी पुणे पोलिसांचा, कुरकुंभ आणि दिल्लीपर्यंत पसरलेला एमडीचा दुसरा तपास आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोहोचला होता, हेही आपल्याला आठवत असेल. इरळी प्रकरणात हवे असलेले दोन आरोपी संयुक्त अरब अमिरातीत होते. त्यांच्यासाठी इंटरपोलच्या रेड नोटिसा निघाल्या आणि जून व जुलै २०२५ मध्ये एकेक करून दोघांना मुंबईत आणण्यात आले. खटल्याचा निकाल लागायचा आहे, म्हणून त्यांच्या दोषाविषयी मी काही म्हणणार नाही. मात्र आपल्या तालुक्यातील एका पंचनाम्यापासून अबू धाबीपर्यंत कागद कसा गेला असेल हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण फार उपयोगी आहे.

पहिल्या प्रश्नाकडे वळतो. माल तयार कसा होतो याचे उत्तर रसायनांत आहे. १९८८ च्या कराराचे १२ वे कलम कच्च्या रसायनांवर नजर ठेवण्यासाठी आहे आणि माझ्या मते संपूर्ण आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतील तो सर्वांत कमी चर्चेचा, पण सर्वांत उपयोगाचा भाग आहे. हेरॉइनसाठी लागणारे अ‍ॅसेटिक अनहायड्राइड घ्या. आपल्या साखर पट्ट्यातल्या माणसाला हे रसायन वाटते तितके परके नाही. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून अ‍ॅसेटिक आम्ल आणि त्यापुढे अनहायड्राइड अशी साखळी भारतात औद्योगिक प्रमाणावर चालते, आणि औषधांपासून प्लास्टिकपर्यंत अनेक उद्योगांना ते लागते. त्यावर सरसकट बंदी घालणे शक्य नाही. म्हणून करार वेगळा उपाय सुचवतो. निर्यात करणारा देश माल निघण्यापूर्वी आयात करणाऱ्या देशाला कळवतो की अमुक कंपनी अमुक कंपनीला एवढा माल पाठवत आहे. आयात करणारा देश आपल्याकडे ती कंपनी खरोखर आहे का, तिला एवढ्या मालाची गरज आहे का, हे तपासतो आणि शंका असेल तर हरकत घेतो. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने २००६ पासून यासाठी संगणकीय प्रणाली चालवली आहे. आपल्याकडे अशा निर्यातीसाठीचे ना-हरकत पत्र ग्वाल्हेरला असलेल्या नार्कोटिक्स आयुक्तांकडून घ्यावे लागते.

ही व्यवस्था चांगली चालते असे मी जबाबदारीने म्हणतो. पण ती देशांमधल्या व्यापारावर नजर ठेवते. देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाची जबाबदारी त्या देशाचीच राहते. आपल्याकडे २०१३ चा नियंत्रित पदार्थांचा आदेश आहे. त्याखाली ठरावीक रसायनांचे उत्पादन, विक्री आणि वापर करणाऱ्याला नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, साठ्याची नोंद ठेवावी लागते, तिमाही विवरण द्यावे लागते, आणि मालाची घट किंवा चोरी झाली तर कळवावे लागते. आदेश मोडला तर एनडीपीएस कायद्याच्या २५-अ कलमाने १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तरीही एमडीच्या बाबतीत अडचण उरतेच. इफेड्रिन किंवा अ‍ॅसेटिक अनहायड्राइड ही जुनी, ओळखीची, यादीतली रसायने आहेत. नव्या कृत्रिम पदार्थांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांचे उत्पादक नेहमी यादीच्या एक पाऊल पुढे राहतात. एखादे रसायन यादीत आले की त्याच्या आधीच्या टप्प्यावरचे, साध्या औद्योगिक वापराचे रसायन विकत घेऊन सुरुवात करतात. यादीत नाव घालायला आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रस्ताव, छाननी, मतदान यांत बराच काळ जातो, आणि रसायन बदलायला तस्कराला आठवडा पुरतो.

मग यादीबाहेरचे रसायन पकडायचे कसे? येथे परदेशी करारापेक्षा आपल्या औद्योगिक वसाहतीतले व्यवहारज्ञान जास्त कामाला येते. एखाद्या छोट्या कारखान्याने बंद पडलेल्या युनिटचा रिअ‍ॅक्टर (रसायनांवर प्रक्रिया करण्याचे बंद भांडे) रोखीने विकत घेतला, उत्पादन म्हणून रंग किंवा कीटकनाशक दाखवले पण विक्रीचे एकही बिल नाही, विद्रावकांचे ड्रम येतात आणि तयार मालाची एकही गाडी दिवसा बाहेर जात नाही, सांडपाणी टँकरने रात्री नेले जाते, वीज मात्र मोठ्या भाराची आहे: असे ज्यांच्या नजरेस पडते ते शेजारचे कारखानदार, ट्रान्सपोर्टवाले आणि वायरमन असतात. १९८८ च्या कराराच्या १३ व्या कलमात यंत्रसामग्रीच्या गैरवापराचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण वापरलेला रिअ‍ॅक्टर कोणी कोणाला विकला याची नोंद व्हिएन्नात सापडणार नाही. ती कुपवाडच्या भंगारवाल्याच्या वहीतच सापडेल.

दुसरा प्रश्न माणसे परत आणण्याचा, आणि येथे मी अधिक थांबणार आहे, कारण वर्तमानपत्रांतून या विषयावर फार अर्धवट माहिती येते.

रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. ‘हा माणूस आम्हाला हवा आहे, सापडला तर प्रत्यार्पणाच्या हेतूने त्याला तात्पुरते ताब्यात घ्या’, अशी ती एका देशाने इतर देशांना इंटरपोलमार्फत केलेली विनंती असते. तिला किती कायदेशीर वजन द्यायचे हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. काही देश तिच्यावर अटक करतात, काही नुसती पाळत ठेवतात, काही काहीच करत नाहीत. भारतात इंटरपोलशी पत्रव्यवहार करण्याचे काम सीबीआयकडे आहे. पूर्वी जिल्हा पोलिसांचे पत्र राज्याच्या गृहखात्यातून दिल्लीला पोहोचेपर्यंतच बराच काळ जाई. जानेवारी २०२५ मध्ये भारतपोल ही संगणकीय व्यवस्था सुरू झाल्याने हा टप्पा बराच आखूड झाला आहे. नोटीस निघाली तरी पुढे प्रत्यार्पणाचा रीतसर अर्ज लागतो, आणि तेथील कायद्यानुसार तो न्यायालयासमोर किंवा शासनासमोर टिकावा लागतो. अमिरातीशी भारताचा प्रत्यार्पण करार १९९९ साली झालेला आहे. करार नसलेल्या देशाशी १९८८ च्या कराराचे ६ वे कलम आधार देऊ शकते, कारण त्यातील गुन्हे प्रत्यार्पणयोग्य मानावेत असे सदस्य देशांनी मान्य केले आहे. पण करार नसताना केवळ या कलमावर विसंबून माणूस सोपवायचा की नाही, हे ठरवणे पुन्हा त्या देशाच्याच हातात असते.

त्या न्यायालयात काय तपासले जाते? एक म्हणजे कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का. अमली पदार्थांच्या बाबतीत ही अट सहसा पूर्ण होते, पण पदार्थ नवा असेल आणि त्या देशाच्या यादीत नसेल तर येथेच गाडी अडते. दुसरे म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मागितले त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवू अशी हमी. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या २१ व्या कलमात ती लिहिलेलीच आहे. तिसरी गोष्ट शिक्षेची. एनडीपीएस कायद्याच्या ३१-अ कलमात पुन्हा केलेल्या काही गंभीर गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा शक्य आहे, आणि युरोपातील देश अशा शिक्षेची शक्यता असेल तर माणूस सोपवत नाहीत. यासाठी आपल्या प्रत्यार्पण कायद्यात ३४-क हे कलम आहे, ज्यानुसार त्या देशात अशा गुन्ह्याला देहान्त नसेल तर येथे जन्मठेपच होते. अशी हमी किती बांधून ठेवते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे अबू सालेमचे प्रत्यार्पण. ते प्रकरण अमली पदार्थांचे नव्हते, पण पोर्तुगालला दिलेल्या शब्दाला भारत सरकार बांधलेले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. दिलेली हमी मोडली तर पुढच्या वेळी कोणी माणूस देणार नाही, म्हणून ही तांत्रिक बाब नाही.

चौथी गोष्ट पुराव्याची, आणि माझ्या सुरुवातीच्या विधानाचे स्पष्टीकरण येथे येते. परदेशी न्यायाधीशाला इरळी कुठे आहे ते माहीत नसते. त्याच्यासमोर असतो पंचनाम्याचा अनुवाद, वजनाचा तक्ता, प्रयोगशाळेचा अहवाल आणि फोनमधून काढलेली माहिती. एका प्रकरणाची फाईल माझ्यासमोर आली तेव्हा पंचनाम्यात ‘निळ्या रंगाचे ११ ड्रम’ असे होते, मुद्देमाल पावतीत १२ आणि प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रात ड्रमऐवजी ‘कॅन’. वजन एका ठिकाणी पॅकिंगसह लिहिलेले, दुसऱ्या ठिकाणी पॅकिंगशिवाय, आणि कोठेही तसे स्पष्ट म्हटलेले नाही. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून अरबीत जाताना ही विसंगती तिप्पट वाढते. त्याच फाईलमध्ये आरोपीचे नाव फिर्यादीत एका तऱ्हेने, जबाबात दुसऱ्या तऱ्हेने आणि पारपत्रावर तिसऱ्याच तऱ्हेने होते, वडिलांचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली, जन्मतारखेचा पत्ता नाही. फौजदारांनी हे हेतुपुरस्सर केले होते असे नाही. रात्री दोन वाजता, विद्रावकाच्या उग्र वासात, टॉर्चच्या उजेडात पंचनामा लिहिणाऱ्या माणसाकडून असे होते. पण बचाव पक्षाचा परदेशी वकील पहिल्याच दिवशी विचारतो की तुम्हाला हवा असलेला माणूस माझा अशील आहे कशावरून.

म्हणून मी तपास अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो की छाप्याच्या पहिल्या तासात असे लिहा, जणू वाचणाऱ्याला मराठी येत नाही आणि त्याने महाराष्ट्र पाहिलेला नाही. गट नंबर, अक्षांश-रेखांश, प्रत्येक ड्रमला क्रमांक, निव्वळ आणि एकूण वजन वेगळे, तराजू कोणाचा आणि त्याची तपासणी कधी झालेली, इतके सगळे हवे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आवश्यकच आहे, आणि ते परदेशी न्यायालयासमोर फार बोलके ठरते. नमुने एनडीपीएस कायद्याच्या ५२-अ कलमाप्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढून त्यांचे प्रमाणपत्र घेतले पाहिजे. २०२२ च्या नियमांनी ही पद्धत बरीच स्पष्ट केली आहे. फोनमधील संभाषणासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्र हवे. आणि आरोपीच्या कबुलीवर सगळी इमारत उभी करू नये. सर्वोच्च न्यायालयाने तुफान सिंग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्येच ठरवले आहे की एनडीपीएस कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. ‘कारखाना दुबईतल्या अमुक माणसाचा’ असे येथील कामगार सांगतो, एवढ्यावर परदेशी न्यायालय हलत नाही.

परदेशातला पुरावा आपल्याकडे आणायचा असेल तर उलट दिशेने तसाच प्रवास करावा लागतो. संहितेच्या ११२ व्या कलमाखाली येथील न्यायालय विनंतीपत्र काढते, ते केंद्रीय गृहमंत्रालयामार्फत जाते, आणि उत्तर आले की ते कागद रीतसर प्रमाणित असतील तर एनडीपीएस कायद्याच्या ६६ व्या कलमाने त्यांना गृहीतकाचा आधार मिळतो, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ते खरे धरले जातात. अशा विनंतीपत्रात ‘आरोपीच्या सर्व बँक खात्यांची माहिती द्यावी’ असे मोघम वाक्य असेल तर ते परत येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. कोणत्या बँकेतील, कोणत्या काळातील, कोणत्या व्यवहाराशी संबंधित आणि त्याचा गुन्ह्याशी काय संबंध, हे लिहावे लागते. बँकेच्या गोपनीयतेचे कारण सांगून मदत नाकारता येणार नाही असे १९८८ चा करार म्हणतो. अंधारात चाचपडणाऱ्याला मदत करा असे मात्र तो म्हणत नाही. पैशाच्या वाटेबद्दल एवढेच सांगतो की हवाला आणि आता आभासी चलन यांमुळे ती सर्वांत अंधारी आहे, आणि तेथे आपले यशही सर्वांत थोडे आहे. पैसा पुरवणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या एनडीपीएस कायद्याच्या २७-अ कलमात २०१४ च्या दुरुस्तीनंतर उपकलमाचा क्रमांक चुकीचा राहिला होता आणि तो दुरुस्त व्हायला २०२१ उजाडले. कायदाच जर असा कच्चा लिहिला जात असेल तर फौजदाराला काय दोष द्यावा!

पाळतीतील वितरण, ज्याला तपास यंत्रणांत सगळे कंट्रोल्ड डिलिव्हरी म्हणतात, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. माल पकडता येत असूनही तो लगेच पकडायचा नाही, नजरेखाली पुढे जाऊ द्यायचा आणि घेणाऱ्यासह पकडायचा, अशी ही पद्धत आहे. कराराच्या ११ व्या आणि आपल्या कायद्याच्या ५०-अ कलमाने तिला मान्यता आहे आणि परदेशात माल जाऊ द्यायचा असेल तर त्या देशाच्या अधिकाऱ्यांशी आधी ठरवावे लागते. कुरिअरच्या पार्सलमध्ये ती चांगली साधते. पण दोन देशांतल्या अधिकाऱ्यांची एकमेकांशी ओळख आणि विश्वास नसेल तर ती करू नये, कारण माल हातचा गेला तर जबाबदारी कोणी घेत नाही.

आपण द्राक्षे निर्यात करता म्हणून कंटेनरबद्दल लिहितो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरावर जवळजवळ ३,००० किलो हेरॉइन टाल्क म्हणून आले होते. मूळ माल अफगाणिस्तानचा, जहाज इराणच्या बंदर अब्बासचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या संत्र्यांच्या मालात नवी मुंबईत १९८ किलो मेथॅम्फेटामिन सापडले आणि पुढे न्हावाशेवा बंदरावर पेअर आणि सफरचंदांच्या खोक्यांत कोकेन. फळांचा माल तस्करांना आवडतो, कारण तो नाशवंत असतो आणि बंदरावर तो सोडवण्याची घाई असते. कित्येकदा निर्यातदाराला कल्पनाही नसते. वाटेत सील तोडून पिशव्या आत टाकल्या जातात आणि तसेच दिसणारे दुसरे सील लावले जाते. २०१७ पासून स्वतः सील करणाऱ्या निर्यातदारांना इलेक्ट्रॉनिक सील बंधनकारक आहे ते याचसाठी. शीतगृहातून गाडी निघताना सील क्रमांकासह दाराचा फोटो काढून ठेवा, गाडी वाटेत कुठे आणि किती वेळ थांबली याची नोंद मागा, आणि ट्रान्सपोर्टवाला ऐन वेळी गाडी किंवा चालक बदलत असेल तर त्याचे कारण लेखी घ्या. युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात मालातून काही निघाले तर तुमच्या बाजूने बोलणारे कागद हेच असतील.

आपण नेहमी मागणाऱ्याच्याच भूमिकेत असतो असेही नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आंतरराष्ट्रीय यादीत नसतानाही भारताने २०१८ साली ते एनडीपीएस कायद्याखाली आणले, कारण आपल्याकडच्या गोळ्यांची आफ्रिकेत तस्करी होत होती. त्यानंतर टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण पश्चिम आफ्रिकेत जाऊ लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने त्याच्या उत्पादनाच्या व निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या आणि पुढच्याच महिन्यात कॅरिसोप्रोडॉल १९७१ च्या कराराच्या यादीत आले. नायजेरिया किंवा घाना यांच्याकडून आलेल्या विनंतीला आपण किती लवकर उत्तर देतो, यावर आपल्या विनंतीला इतरत्र मिळणारा प्रतिसाद ठरतो. सार्क देशांचा १९९० चा अमली पदार्थविरोधी करार मात्र नावापुरता उरला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहकार्याने उत्पादनच थांबेल अशी आशा मी करत नाही. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये बंदी घातल्यावर अफगाणिस्तानातील अफूची लागवड २,३३,००० हेक्टरांवरून २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आली. त्याच वर्षी म्यानमार जगातील पहिल्या क्रमांकाचा अफू उत्पादक झाला. कृत्रिम पदार्थांना तर शेतही लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाने अंदमानजवळ म्यानमारच्या एका बोटीवर पाच हजार किलोंहून अधिक मेथॅम्फेटामिन पकडले, त्यावरून प्रमाणाची कल्पना यावी.

उरला तिसरा प्रश्न. जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने जाणूनबुजून जागा वापरू दिली तर एनडीपीएस कायद्याच्या २५ व्या कलमाने त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे खरे असेल तर ते दाखवणारे काही हातात असावे: नोंदवलेला भाडेकरार, भाडेकरूचे ओळखपत्र पडताळून पोलीस ठाण्यात दिलेली माहिती, भाडे बँकेतून घेतल्याची नोंद, आणि मधूनमधून जागा पाहण्याचा हक्क राखणारे कलम. बाजारभावाच्या दुप्पट भाडे रोखीने देणारा आणि आत येऊ नका म्हणणारा भाडेकरू आला तर पोलीस पाटलांना सांगा किंवा १९३३ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवा. तेथे नाव सांगण्याची सक्ती नाही.

पंच झालेल्यांना एक भीती असते, की आरोपी परदेशात आहे म्हणजे साक्षीसाठी आपल्याला तिकडे जावे लागेल. तसे नाही. प्रत्यार्पणाची सुनावणी कागदांवर चालते आणि पंचाची साक्ष येथील विशेष न्यायालयातच होते. तीही दूरदृश्य प्रणालीने नोंदवता येते. बोलावले तर जा, पण सही करण्यापूर्वी पंचनामा पूर्ण वाचा, ड्रम स्वतः मोजा, आणि मजकुरात ११ लिहिले असून समोर १२ दिसत असतील तर तेथल्या तेथे दुरुस्त करायला सांगा. तसे सांगण्याचा पंचाला पूर्ण अधिकार आहे आणि कोणत्याही चांगल्या अधिकाऱ्याला त्याचा राग येत नाही.